पाठचं झाकण

३ मार्च, सोमवार

डेंटिस्टबाईंची इलेक्ट्रिक गिटार परत आली. दीड वर्षापूर्वी मीच लावून दिली होती. आता स्वतःच्या मनाने जाड तारा चढवल्यात आणि तक्रार काय, तर ब्रिजने डोकं वर काढलंय. डोकं नव्हे, शेपूट! ब्रिजला जोडलेली सूर लववायची दांडी जरा दाबली की सगळे सूर सैरभैर.

त्यांना समजावलं. पुढून तारा ओढतात, मागच्या पोकळीतून स्प्रिंगा ओढतात. मधे ब्रिज. रस्सीखेच आहे ही. एका बाजूला पैलवान वाढवलात तर दुसऱ्या बाजूलाही वाढवावा लागणार. "म्हणजे आमच्या दाताच्या तारांसारखंच," म्हणाल्या. असेल बाई.

पंधरा तारखेला त्यांच्या ग्रुपचं रेकॉर्डिंग आहे. चार डॉक्टर आणि एक वकील. पेशंट बरे होत असतील तर आपोआप.

४ मार्च, मंगळवार

सकाळी पाठचं झाकण काढलं. सहा स्क्रू. आत तीनच स्प्रिंगा, मी लावलेल्या. आणि त्यांच्यामधून आत-बाहेर, आत-बाहेर ओवलेला कसला तरी मळका धागा! टोकाला गाठसुद्धा मारलेली. हा उद्योग कुणाचा? डेंटिस्टबाईंच्या नवऱ्याचा असणार. नाहीतर त्या पुलापलीकडच्या दुकानदाराचा. त्याला काहीही कोंबायची सवयच आहे.

चिमट्याने ओढून काढला आणि केराच्या डब्यात टाकला. स्प्रिंगांच्या खोलीत हवेशिवाय काही असता कामा नये. मला काम शिकवलं त्या पियानो लावणाऱ्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी दम भरला होता, वाद्याच्या पोटात कचरा दिसला तर हात तोडीन. मागे एकदा वन्संनीही विचारलं होतं, "वहिनी, या स्प्रिंगांत थोडा कापूस घातला तर?" मी म्हटलं, "वन्सं, गिटार आहे ही, उशी नाही." त्यांनी परत विषय काढला नाही.

हे गेले तेव्हा "चार दिवस सोबतीला" म्हणून आल्या. नवऱ्याची थोरली बहीण, नाही कसं म्हणणार? पाच वर्षं झाली. काउंटर सांभाळतात, गिऱ्हाइकांशी गोड बोलतात, जे मला जमत नाही. उरलेल्या वेळात विणकाम. तीन वर्षं एकच शेवाळी स्वेटर चाललाय आणि त्याची दुसरी बाही काही पुरी होत नाही. "लोकर पुरत नाही," म्हणतात. हत्तीचा असेल.

अलीकडे त्यांना ऐकू कमी यायला लागलंय बहुतेक. प्रत्येक गोष्ट ओरडून बोलतात. दुकानात माणसं दचकतात.

५ मार्च, बुधवार

चौथी स्प्रिंग घातली. ब्रिजच्या शेपटीखाली दहा पत्ते सरकवले. ह्यांच्या जुन्या कॅटमधले. दहा पत्ते म्हणजे अचूक फट, हे माझं माप, कुठल्या पुस्तकात नाही. (त्यापायी वन्सं बेचाळीस पत्त्यांचा पेशन्स खेळतात आणि तरीही डाव लागतो म्हणतात!) मग स्प्रिंगा ज्याला अडकवतात त्या पंज्याचे दोन स्क्रू घट्ट करून पत्ते दाबून धरायचे, तारा सुरात लावायच्या, आणि मग पंजा पाव-पाव फेरा ढिला करत जायचं. एक फेरा डावीकडे, एक उजवीकडे. दर वेळी सगळे सूर पुन्हा तपासायचे, कारण एक तार हलली की बाकीच्या पाच रुसतात. शेवटी अशी वेळ येते की पत्ते आपण होऊन सुटतात. ओढावे लागत नाहीत. तो क्षण मला अजून आवडतो. एकवीस वर्षं झाली तरी.

साडेअकराला पत्ते सुटले. दांडी दाबली, सोडली. सूर जागच्या जागी. सूर दाखवणाऱ्या यंत्राची सुई मधोमध. पूर्वी मी यंत्र लावत नसे. आता सगळेच लावतात.

बाराला डेंटिस्टबाई आल्याच. वन्सं ओरडल्या, "आत्ता नको, दुपारनंतर या, मी एकदा पुसून ठेवते!" त्यांचं हे नेहमीचं. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी प्रत्येक गिटार पुसणार. मी जेवून वरच्या खोलीत तासभर पडते, तेवढ्यात यांचं पुसणं चालतं. म्हटलं, पुसायचं काय त्यात, घेऊन जाऊ दे. गेल्या घेऊन.

वन्संचं तोंड उतरलं. कपडा हातात तसाच.

८ मार्च, शनिवार

विशेष नाही. बसड्रायव्हरची गिटार आली, रंग उडालेली, पाठीवर बसच्या चाव्यांचे ओरखडे. माणूस चांगला. काहीतरी म्हणाला, मी मान हलवली. मिशीतल्या मिशीत बोलतो.

१० मार्च, सोमवार

डेंटिस्टबाई पुन्हा हजर. म्हणे, "सगळं छान आहे हो, पण हात ठेवून तारा थांबवल्या तरी आतून कुणीतरी गुणगुणत राहतं."

वाजवून दाखवलं. एक झणझणीत ठोका, लगेच तळवा तारांवर. "हे बघा! ऐकलंत?"

मी कान लावला. काही नाही. शांत. पुन्हा ठोका. पुन्हा शांत. त्या माझ्या तोंडाकडे बघतायत, जणू मीच गुणगुणतेय.

म्हटलं, "दिवसभर ड्रिल चालवता तुम्ही. कानात तेच राहत असेल." जरा लागेलसं बोलले. पण एकवीस वर्षांत माझ्या हातची स्प्रिंग वाजते असं कुणी म्हटलेलं नाही. वन्संना हाक मारली, म्हटलं, तुम्ही ऐका. वन्संनी सुया खाली ठेवल्या, ऐकलं. माझ्याकडे बघितलं, डेंटिस्टबाईंकडे बघितलं. "मला नाही बाई काही ऐकू येत," म्हणाल्या.

आता त्यांनाच कमी ऐकू येतं, तेव्हा ही साक्ष काही कामाची नाही. पण दोघी विरुद्ध एक! बरं वाटलं.

वन्सं लगेच, "ठेवून जा दोन दिवस, मी जरा पुसून..." गिटार काय पितळेचं भांडं आहे? तिथल्या तिथे परत दिली. डेंटिस्टबाईंनी ती गवसणीत घातली. गवसणीची चेन ओढताना मात्र बराच वेळ लावला.

११ मार्च, मंगळवार

रागच गेला नाही दिवसभर. ड्रिलवाली मला शिकवणार!

१३ मार्च, गुरुवार

वन्संनी विचारलं, म्हणजे ओरडल्या, "वहिनी, त्या धाग्याचं काय केलंस? गिटारीत होता तो?" म्हटलं, टाकला. तुम्हाला कसं माहीत? "तूच नाही का म्हणालीस जेवताना." म्हणाले असेन.

१५ मार्च, शनिवार

आज त्यांचं रेकॉर्डिंग. मला काय त्याचं.

१७ मार्च, सोमवार

आल्या. भांडायला नाही. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं, तिथे मी कमी पडत नाही.

लॅपटॉप घेऊन आल्या. म्हणाल्या, ऐकू नका, नुसतं बघा. पडद्यावर आवाजाचं चित्र. ठोका म्हणजे उभा डोंगर. मग तळव्याने तारा थांबवल्या तिथे डोंगर तुटायला हवा, सपाट रेघ हवी. डोंगर तुटलाय. पण रेघ सपाट नाही. बारीक केसाळ शेपटी, लांबच लांब. "गाण्यात चार ठिकाणी शांतता आहे. चारही ठिकाणी हे भरून येतं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, दुरुस्त करून या." आता तेवीसला पुन्हा बोलावलंय, रविवारी.

कानाडोळा करता येईना. डोळ्याला दिसत होतं आणि कानाला नव्हतं.

मी झाकण काढलं. म्हटलं, वाजवा. त्यांनी ठोका दिला, तारा दाबल्या. मी चौथ्या स्प्रिंगवर बोट टेकलं.

थरथरत होती. बोटाखाली अगदी स्पष्ट. तिसरी पण. दुसरी पण. मी बोट ठेवलं तशी डेंटिस्टबाई म्हणाल्या, "आता थांबलं." बोट उचललं. "परत सुरू झालं." ठेवलं. "थांबलं."

असं आम्ही किती वेळ केलं माहीत नाही. वन्सं सुया हातात धरून बघत होत्या. विणत नव्हत्या.

जाताना डेंटिस्टबाई हळूच काहीतरी बोलल्या. मी मान हलवली. मी कधी कुणाला "काय?" विचारत नाही, शोभत नाही ते. पण त्यांना बहुतेक कळलं. कार्डाच्या पाठीवर लिहून दिलं. आमच्याच जिन्यावर कानाचे डॉक्टर आहेत, माझं नाव सांगा.

गिटार वर खोलीत घेऊन आले. खाली ठेवायची इच्छा होईना.

१८ मार्च, मंगळवार

कामात मन घातलं. बसड्रायव्हरची गिटार पुरी केली. तीन स्प्रिंगा, दहा पत्ते, सगळं रीतसर. पत्ते सुटले, पण आज काही वाटलं नाही. झाकण लावलं, सहाही स्क्रू स्वतःच्या हाताने घट्ट केले, खुंटीला टांगली. शनिवारी नेणार आहे.

चारच्या चहाच्या वेळी एक प्रयोग केला. शिट्टीची किटली आहे आमची. किटलीकडे एकटक बघत बसले. वाफ आली. जोरात आली. मी शिट्टीची वाट बघतेय, आणि बाहेरून वन्सं "आले, आले!" करत धावत आल्या आणि गॅस बंद केला.

किटली जुनी झाली, शिट्टी गेली असेल असं मी वर्षभर समजत होते. नवी आणायची म्हणून यादीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

१९ मार्च, बुधवार

वन्संना सांगितलं, पोस्टात जाऊन येते. गेले कानवाल्याकडे.

कपाटाएवढी खोली. कानावर मोठे गोळे, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. पहिले काही आवाज आले, पटापट दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं मशीन बिघडलं. काचेतून बघितलं तर ती मुलगी मन लावून बटणं फिरवत होती.

डॉक्टरांनी कागद दाखवला. दोन रेघा, लाल आणि निळी. सुरुवातीला नीट चालतात आणि मग जिना उतरल्यासारख्या खाली, खाली. "बोलणं साधारण कळेल. बारीक आणि वरचे आवाज गेलेत. कधीपासून त्रास होतोय?"

म्हटलं, परवापासून.

ते हसले नाहीत. "हे तीनेक वर्षांचं असावं. घरातल्या माणसांच्या लक्षात आलं नाही? सहसा त्यांना आधी कळतं. ती मोठ्याने बोलायला लागतात."

भीती वाटली. हे लिहायला काय हरकत आहे, इथे कोण वाचतंय. ह्यांच्या वेळी सगळं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तयारीला वेळ होता. ही तयारी माझ्या अंगावर एकदम आली. हात आहेत, डोळे आहेत, पण वाद्य लावणाऱ्या बाईचे कान गेले म्हणजे ती बाई काय करणार? गिटारी पुसणार?

मशीन घ्या म्हणाले. घेईन. पण मशीनमधून आलेल्या आवाजावर कुणाची गिटार लावायची हिंमत मला होणार नाही. माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

२० मार्च, गुरुवार

सकाळपासून एकच विचार. तीन वर्षं म्हणजे किती गिटारी गेल्या असतील माझ्या हातून? दर आठवड्याला तीन-चार तरी. माझ्या हाताने लावलेल्या, माझ्या कानाने पास केलेल्या. त्या कानाने!

मग तीन वर्षांत कुणीच कसं परत आलं नाही? एक माणूस नाही. लोक काय भिडस्त असतात का? गिटारवाले तर नव्हेच. तारेत केसाएवढा फरक पडला तरी दारात उभे राहतात. ती शांततेतली गुणगुण सगळ्यांनी मुकाट्याने चालवून घेतली, हे मला पटत नाही. डेंटिस्टबाईंचीच तेवढी वाजते. तीसुद्धा दीड वर्ष वाजत नव्हती. मी परत उघडल्यावर वाजायला लागली.

कळत नाही.

दुपारी पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. "दुरुस्तीची कामं घेणं बंद आहे. फक्त तारा आणि सामान मिळेल." अक्षर चांगलं आलं. सोमवारी लावणार. वन्संना अजून सांगितलं नाही. त्यांना सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल असं मनात आलं, आणि मग लक्षात आलं की त्यांना मुळीच कमी ऐकू येत नाही. कधीच येत नव्हतं. रस्त्यापलीकडे पाकीट पडलं तर त्यांना कळतं.

२१ मार्च, शुक्रवार

ठरवलं, बंद करायच्या आधी निदान हातात आहेत त्या दोन गिटारी तरी गप्प करून द्यायच्या. म्हातारा हात तोडो नाहीतर काही करो. स्पंजाची पट्टी आणली, कापली. वन्सं काउंटरवर कुणाला तरी तारा दाखवत होत्या. मी बसड्रायव्हरची गिटार खुंटीवरून काढली.

सहा स्क्रू. मंगळवारी मीच लावलेले. मधे कुणी हात लावायचा प्रश्न नाही.

झाकण उचललं.

तिन्ही स्प्रिंगांमधून आत-बाहेर, आत-बाहेर ओवलेली लोकर. टोकाला गाठ. हा धागा मळलेला नव्हता. नवा कोरा. शेवाळी.

स्पंजाची पट्टी खिशात घातली. झाकण पुन्हा जसंच्या तसं लावलं, सहाही स्क्रू. गिटार खुंटीला टांगली. ओरखड्यांवरसुद्धा कपडा फिरला होता, चकचकत होती.

चहा झाला. वन्संनी विचारलं, "पोस्टाचं झालं का काम?" झालं, म्हटलं. त्यांच्या मांडीवर स्वेटर होता. दुसऱ्या बाहीची चार बोटं विणून झाली होती आणि खालून उसवलेली होती. हे मी तीन वर्षं रोज बघतेय.

२२ मार्च, शनिवार

बसड्रायव्हर गिटार घेऊन गेला. खूश होता.

पुठ्ठा फाडला. डेंटिस्टबाईंची गिटार खाली आणली, झाकण उघडून बाकावर पालथी ठेवली. शेजारी शेवाळी लोकरीचे तीन गुंडे, सकाळी जाऊन आणलेले. वन्संना म्हटलं, "त्या पाचला येणारेत. मी वर जाऊन पडते जरा. तुम्ही पुसून ठेवा."

जिन्यापर्यंत गेले तर मागून काहीतरी म्हणाल्या. हळू, न ओरडता. मी वळले आणि विचारलं, "काय?"

"म्हटलं, एवढी लोकर कशाला? एकच बाही राहिलीय."

म्हटलं, "असू दे. गिटारी बऱ्याच आहेत."